हात न हलवता लिहिलेले पान

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली भेट बाभुळगावला, एका शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी झाली. बाके भिंतीला सरकवलेली होती आणि मधल्या मोकळ्या जागेत नऊ-दहा माणसे हातात काही नसताना आपापले काम करत होती. कोणी पोळी लाटत होते, कोणी सायकल ढकलत होते. मी दारातच थांबलो. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "या सर. चपला तिकडं काढा. लाज वाटत असंल तं तीही घेऊन या आत. इथं चालते."

मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून बाई निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर त्यांनी हे रविवार सुरू केले. पद्धत साधी आहे. रोजच्या कामातली एक हालचाल घ्यायची आणि ती अगदी सावकाश, डोळे मिटून करत राहायची. करता करता हात आपल्या सवयीबाहेर जातात, भलतीकडेच वळतात. मग कोणाशीही न बोलता खाली बसायचे आणि हातांना जे सापडले ते वहीत लिहायचे. आधी ठरवून काही आणायचे नाही, एवढा एकच नियम. एकदा एका पाहुण्यांनी कोणाचे तरी लिखाण ऐकून "वा, वा" म्हटले. बाईंनी त्यांना तिथेच थांबवले. "इथं शाबासकी नाही देत. आज दिली का पुढच्या रविवारी माणूस शाबासकीसाठीच हात हलवते."

बाईंच्या आपुलकीबद्दल कितीतरी सांगता येईल. मी माझ्या घरातले सांगतो. पक्षाघाताने माझ्या मायचा उजवा हात गेला, तेव्हा बाई तीन आठवडे रोज दुपारी एसटीने आमच्या गावी येत. मायच्या डाव्या हाताखाली आपला हात धरून दोघी भाकर थापण्याची हालचाल करत. माय कधी शाळेत गेली नव्हती. ती बोले आणि बाई लिहून घेत. माय आता नाही. ती वही माझ्या देवघरात आहे, आणि रोज पूजेला बसलो की मला मान वर करवत नाही. त्याचे कारण आता लिहितो.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला आणि खेड्यातच मराठी शिकवणारा माणूस. शरीर कामाला लावायचे आणि देवापुढे वाकवायचे, एवढेच मला ठाऊक. चारचौघांत डोळे मिटून हात हलवणे मला जमेना. पण लिहिता येत नाही असे कोणी म्हणू नये, हेही मनात होते. म्हणून विहिरीतून पाणी शेंदण्यावर एक पान मी घरी, टेबलाशी बसून लिहिले. दोन-तीन दिवस त्याची खाडाखोड केली आणि ते पाठ केले. रविवारी दोर ओढल्यासारखे हात थोडे हलवले, तेही कोण पाहते आहे यावर नजर ठेवून. मग खाली बसलो आणि पाठ केलेले पान उतरवले.

ते मी सर्वांना वाचून दाखवले. पुढे सर्वांच्या लिखाणाची छोटी पुस्तिका निघाली, तिच्यात बाईंनी माझे पान पहिले ठेवले. नवे कोणी आले की बाई ते वाचून दाखवत आणि म्हणत, "हे हाताकडून आलं आहे." मी समोर बसून ऐकत असे.

त्या वर्गात रंजनाताई येत. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि हंगामात कापूस वेचायला जात. बोंडातून कापूस काढणारी त्यांची बोटे पाहत राहावीत अशी चालत. लिहीत मात्र तीन-चार ओळीच. पुस्तिका निघाल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, तुमचं कसं एकदम उतरते? माह्या हाताले काही सुचतच नाही." मी म्हणालो, "सरावानं येते, ताई." दोन रविवार त्या आल्या. नंतर आल्या नाहीत. त्याला पाच वर्षे झाली.

बाईंच्या या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा खोट्यावर गौरव रचवेना. मी बाईंकडे गेलो. त्या तूर निवडत होत्या. मी सगळे सांगितले.

त्यांचे हात थांबले. "मी ते पान किती जणाले वाचून दाखवलं, सर. तुम्ही समोरच बसून राहत."

बाईंनी सूप बाजूला सारले.

"रंजनाले सांगितलं?"

"नाही."

"मग माह्याकडं काहून आले आधी?" त्याच पुढे म्हणाल्या, "मीही चुकली. कोणाचंच पान पुढं ठेवायचं नव्हतं. लेखात लिहायचं असंल तं हे दोन्ही लिहा." बाईंनी चूक अशी वाटून घेतली. त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी रंजनाताईंच्या अंगणात उभा राहिलो. ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी पाच वर्सं घरी बसली, ते तुमच्या पाठांतरापायी?" मग म्हणाल्या, "दाखवा करून. माह्यासमोर."

मी चपला काढल्या, डोळे मिटले आणि दोर ओढू लागलो. त्यांच्या सासूबाई विचारत होत्या, "या मास्तरले काय झालं वं?" रंजनाताई म्हणाल्या, "काही नाही, आत्या. पाणी काढून राह्यले." बऱ्याच वेळाने खाली बसलो. दोनच ओळी आल्या, त्याही साध्या. ताईंनी त्या वाचल्या आणि वही परत दिली. "येता का रविवारी?" असे मी विचारले. "पाहीन," एवढेच त्या म्हणाल्या.

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच स्वच्छ राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो, हे मी देवाकडे मागतो. या मागण्यात माझा स्वार्थही आहे. रंजनाताई अजून आलेल्या नाहीत. त्या ज्या रविवारी येतील, त्या रविवारी दार उघडायला बाई असाव्यात.