पाण्याचं विचारा

आकड्याला जात नसते, पक्ष नसतो आणि नातेवाईकही नसतात – हे वाक्य मी साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवताना वर्षानुवर्षं सांगत आलो. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. मुलांचं काय, फळ्यावर दिसेल ते उतरवून घेतात.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला येणाऱ्या मित्रांना तर नाहीच – त्यांना काही सांगणं म्हणजे पोवई नाक्यावर स्पीकर लावणं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर – असू दे.

निवृत्तीनंतर एका संस्थेनं मला सुपरवायझर म्हणून बोलावलं. सातारा-सांगलीकडच्या गावांत गुन्ह्यांची पाहणी करायची होती. पोलीस ठाण्यात जे लिहिलं जातं ते किती आणि प्रत्यक्षात घडतं ते किती, हा प्रश्न. ठाण्यापर्यंत न पोहोचलेलं सगळं घरोघरी जाऊन विचारायचं. चोरी झाली का, मारहाण झाली का. आणि मग घरातल्या बाईला एकटीला गाठून – तुमची इच्छा नसताना कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली का? ‘बलात्कार’ हा शब्द प्रश्नात मुद्दाम घातला नव्हता. तो शब्द ऐकला की बाई म्हणते, छे, तसलं पेपरात असतं. म्हणून शब्द टाळायचा आणि घडलेली गोष्ट विचारायची. मला हे पटलं होतं. निदान मी तसं म्हणालो होतो.

सांगलीच्या एका सभागृहात प्रशिक्षण झालं. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या. पाहुणे स्त्रीशक्तीवर इतकं बोलले की चहा दोनदा गरम करावा लागला. ज्या मुली गावोगाव जाऊन हे प्रश्न विचारणार होत्या त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पुढच्या खुर्च्या मान्यवरांना होत्या ना.

माझ्याकडे एक तास होता. विषय – बाईला एकटं कसं गाठायचं. आपल्याकडच्या घरात हे किती अवघड, तुम्हाला ठाऊक आहे. परकं माणूस आलं की सासू येऊन बसते, शेजारीण डोकावते, कुणीतरी उगाचच खुंटीवरचा टॉवेल न्यायला येतं. त्यावर तोड अशी होती : कुणी ऐकण्याच्या टप्प्यात आलं की प्रश्न तिथंच सोडायचा आणि पाण्याचं विचारायला लागायचं. नळाला पाणी कधी येतं, टाकी कधी धुता. बाईलाही आधीच सांगून ठेवायचं – ताई, कुणी आल्याचं तुम्हाला आधी कळलं तर तुम्हीच म्हणा, ‘पाण्याचं विचारा.’ मी हे खडूनं फळ्यावर लिहिलं. मुलींनी उतरवून घेतलं.

त्यांच्यात एक रूपाली होती. मलकापूरची. डी.एड. होऊन घरी बसलेली, स्कूटीवरून गावं पालथी घालायची. ही पाहणी नीट पार पडली की तिला संस्थेत कायम घेणार होते, आणि तिला त्याची गरज होती – हे मला माहीत होतं. ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

रूपाली खुर्चीवर बसायचीच नाही. बाई भांडी घासत असली की ही समोर उकिडवी बसून विसळायला लागे. गोठ्यात जाई, शेंगा फोडू लागे. नळ सोडलेला असला तर तिला बरंच वाटे – पाण्याच्या आवाजात बोलणं बाहेर जात नाही, म्हणायची. मला हा नाटकीपणा वाटायचा. तिला वेळही फार लागायचा. आणि तिच्या टॅबमध्ये अधूनमधून ‘हो’ येत होते.

बाकीच्या मुलींचे सगळे ‘नाही’. स्वच्छ, ओळीनं, ‘नाही’.

आता मला सांगा, गणिताच्या माणसानं काय समजावं? मी समजलो की ही पोरगी पदरचं घालतेय. बायकांच्या तोंडी शब्द देतेय, किंवा झाडाखाली बसून स्वतःच भरतेय. दुसरी एक मुलगी उंबऱ्यात, पायातली चप्पलही न काढता, “तसलं काही नाही ना हो वहिनी?” असं विचारताना मी स्वतः ऐकली होती. तिच्या कामापुढे मी ‘तत्पर’ असा शेरा दिला. खोटा ‘नाही’ असू शकतो, हा संशय मला एकदाही आला नाही. माझा सगळा संशय ‘हो’साठी राखून ठेवलेला.

– हे मी लांबवतोय, मला कळतंय.

एक गाव होतं. नाव राहू दे. वेशीवर मोठी कमान, दोन्ही अंगांना ऊस, आणि दर घराआड एक फौजी. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरातल्या सुनेचं उत्तर रूपालीनं ‘हो’ नोंदवलं होतं. कुणी, या रकान्यात – घरातील व्यक्ती. बस, एवढंच.

सुपरवायझरनं काही घरांची फेरतपासणी करायची असते. तिचे नियम साधे. आमची मुलगी आली होती का, घरात माणसं किती, वय काय – एवढं विचारून उठायचं. तो प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. पुरुषानं तर नाहीच. का, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीच इतरांना समजावलं होतं.

मी एकटा गेलो. रूपालीला कळवलं नाही.

सुभेदार सोप्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, सुट्टीवर आलेला. धाकटा ऊस बघायचा. ती चहा घेऊन आली. माझी ओळख ऐकून तिनं पदर सारखा केला, आणि मी म्हणालो की मला यांच्याशी मिनिटभर बोलायचंय.

“आवं सर, मग हितंच इचारा की,” सुभेदार म्हणाले. “आमच्या घरात लपवाछपवी न्हाई. पल्टनीत बी समद्यांम्होरं उभं ऱ्हाऊन रिपोर्ट द्यायचो आमी.”

“इचारा इचारा,” धाकटा म्हणाला. “वैनी लय हुशार हाय. आधारचा नंबर बी तोंडपाठ हाय.”

सगळे हसले. तीही थोडी हसली. मी वय विचारून, चहा पिऊन उठू शकलो असतो. एवढंच तर करायचं होतं. पण मी तपासणीला गेलोच नव्हतो – मी रूपालीला पकडायला गेलो होतो. मी वर्गात विचारावं तसं, शुद्ध मराठीत विचारलं : आमच्या मॅडमनी तुम्हाला विचारलं होतं की घरात कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली आहे का. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?

ती ट्रे धरून उभी होती.

“सर,” ती म्हणाली, “पाण्याचं इचारा की.”

“पाण्याला काय धाड भरली?” सुभेदार म्हणाले. “रोज येतंय की.”

मला कळलं. तुम्हाला वाटेल, नंतर विचार करता करता कळलं असेल. नाही. तिथंच कळलं, कप हातात असताना. माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं होतं. रूपाली इथं आली होती, तिनं नीट समजावलं होतं, नीट विचारलं होतं. उत्तर या बाईचं होतं आणि खरं होतं. आणि ज्याच्यासमोर पाण्याचंच बोलायचं असतं असा माणूस त्या सोप्यात बसलेला होता. आयुष्यभर मी सिद्धता शिकवल्या. इतकी सुटसुटीत एकही नव्हती.

आणि मी म्हणालो, “पाण्याचं नंतर बघू. आधी याचं सांगा.”

“न्हाई,” ती ट्रेकडे बघत म्हणाली. “तसलं काय न्हाई.”

मी तिघांकडे पाहिलं. तिघंही माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यातला कोण – की कुणीच नाही, आणखी कुणी – मला आजही माहीत नाही. नवऱ्यानं विचारलं, “असलं बी इचारत्यात व्हय सर्वेत?” मी म्हणालो, “फॉर्मॅलिटी असते हो.” ती आत गेली. मी चहा संपवला. आलं घातलेला होता, चांगला होता. हे मला इतकं नीट का आठवावं?

एस.टी.त बसल्यावर दोन वाटा होत्या. खरं लिहायचं, तर मी नियम मोडून तीन पुरुषांसमोर तो प्रश्न विचारला, हेही लिहावं लागलं असतं. मी लिहिलं की फेरतपासणीत उत्तर जुळत नाही आणि या मुलीचं काम संशयास्पद आहे. ऑफिसनं तत्परतेनं तिचे सगळे ‘हो’ काढून टाकले. त्या एका घरातलाच नाही – सगळ्या गावांतले. त्या बायकांनी ते कसे उच्चारले असतील, कुठल्या नळापाशी, ते फक्त रूपालीला माहीत. तिला उद्यापासून येऊ नको असं सांगण्यात आलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, आणि ती चांगली होती. तिनं एकच विचारलं.

“सर, ती पाण्याचं काही बोलली का?”

मी म्हणालो, “नाही.”

ती म्हणाली, “मग बरं झालं, सर. म्हणजे घरात कुणी नव्हतं. तिला वाटलं असेल, दिलेलं मागं घ्यावं. घेऊ दे. मला सारखं वाटत होतं, तुम्ही गेलात तेव्हा कुणी असलं तर –” पुढचं तिनं सोडून दिलं. “ठेवते, सर.”

तिचा जीव भांड्यात पडला होता. काम गेल्याच्या दिवशी. माझ्या शब्दावर.

तो एक ‘नाही’ सांगण्यासाठी मी एवढं बोललो. सगळ्या पाहणीत खोटं उत्तर कुणी दिलं, हे मी इतके दिवस शोधत होतो. ते फोनवर दिलं गेलं, आणि विचारणारीनं त्यावर विश्वास ठेवला.

रूपाली आता पाचगणीला एका शाळेच्या ऑफिसात आहे असं ऐकतो. मी फोन केलेला नाही. त्या गावावरून गाडी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या उसाकडे बघतो. त्या बाईचं पुढं काय झालं, मी निघाल्यावर त्या सोप्यात कोण काय बोललं – माहीत नाही. पुन्हा गेलो तर तिला जास्त धोका, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही असेल. पण मला सोयीचं आहे ना, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

अहवालाचं प्रकाशन त्याच सभागृहात झालं. आमच्या भागाचा आकडा इतका कमी आला की पाहुण्यांनी त्याचं श्रेय इथल्या मातीतल्या संस्कारांना दिलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन मी अहवाल पहिल्या पानापासून वाचला. त्यात एक चूक सापडली. आभाराच्या पानावर माझ्या नावामागे ‘प्राध्यापक’ छापलं होतं. मी तर शाळेत शिकवायचो. मी संस्थेला लगेच कळवलं, आणि त्यांनी शुद्धिपत्र काढलं.