आडवी केलेली गाडी

पन्नाशीत मला जुनी ट्रायल्स मोटारसायकल घ्यायची हौस आली. ट्रायल्सची म्हणजे दगडधोंड्यांतून, पाय न टेकता, हळूहळू चालवायची गाडी. ब्रिस्टलजवळ एका म्हाताऱ्याकडे ती बघायला मी ह्यांना सोबत घेऊन, इस्त्रीची पँट घालून गेले, जणू गाडीच मला बघणार होती!

इंटरनेटवरून पाठ केलेले प्रश्न मी धडाधड विचारले. दोन्ही हात खिशात घालून त्याने ते ऐकून घेतले. मग कमरेने धक्का देऊन गाडी गवतावर आडवी पाडली.

"उचला. नाही उचलली, तर विकणार नाही."

"अगं, तुझी कंबर!" म्हणत हे पुढे सरसावले. त्याने मानेनेच त्यांना थांबवलं.

तिसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली. तेव्हा कुठे त्याने खिशातून हात काढले. ते थरथरत होते.

"मला जमेना," तो म्हणाला, "त्याच दिवशी जाहिरात दिली."

मी वेडी, गाडी मिळाली म्हणून नुसती हसत होते. आता सत्तरीत मी रोज सकाळी चहाआधी बागेत गाडी आडवी करते. ती उभी राहीपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.