मन सावलीत बांधायचा उपाय

नोकरीतून मोकळा झालो आणि मला ध्यानाचं खूळ लागलं. डोळे मिटले की मन थेट ऑफिसात जायचं, जुन्या साहेबाशी कडाकडा भांडायचं आणि जिंकून परत यायचं. बायको वैतागली. "घरात बसून पुटपुटून काय राह्यले? आबाजींले विचारा ना एकदा."

आबाजी म्हणजे तिचे थोरले काका. नेरजवळच्या खेड्यात राहतात. जन्मभर शेती केली, भजनं म्हटली. गावातली माणसं मनातलं बोलायला त्यांच्याकडे जातात. मी दारव्ह्याहून जीपमध्ये अंग चोरून बसलो आणि त्यांच्याकडे पोचलो. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते.

जरा टेकलो आणि म्हणालो, "आबाजी, मन एका जागी ठरत नाही. लय भटकते."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "मारत तं नाही ना तुमी?"

प्रश्न मला फार खोल वाटला. "राग येतो कधीकधी."

"मारू नका जावईबापू. सावलीत बांधा, दोर लांब ठेवा. पाठ खाजवून द्या. आपोआप बसते."

माझे डोळे भरून आले. एवढं सोपं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन तसंच करू लागलो. मन ऑफिसाकडे निघालं की त्याला मनातल्या मनात लिंबाखाली न्यायचं आणि पाठ खाजवायची. आणि खरंच, ते बसू लागलं! फिरायला येणाऱ्या दोघातिघांना मी हा उपाय शिकवलाही.

पुढच्या खेपेला बायकोला घेऊन गेलो. आबाजींनी लगेच विचारलं, "ठरते आता एका जागी?"

"ठरते. तुमची कृपा."

"दूध किती देते?"

मी डोळे मिटून या प्रश्नाचा अर्थ शोधू लागलो. म्हणालो, "थोडी शांती देते."

बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आबाजी, कानाचं मशीन कुठी हाय?"

मशीन सदऱ्याच्या खिशात होतं. ती त्यांच्या कानाशी ओरडली, "म्हैस नाही! मन! मन!"

आबाजी खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मनाचं मले काय समजते? माहं तं अजून मेलेल्या बैलापाशी जाऊन बसते."

"मग लोकाले काय सांगता?" बायकोनं विचारलं.

"सांगतो कायले? ते बोलतात, मी मान हालवतो. हलके होऊन जातात बिचारे." त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली. "या, दोघं बसून पाहू."

आम्ही डोळे मिटून बसलो. बायकोनं चहा आणला तेव्हा म्हणे दोघंही घोरत होतो. तेव्हापासून अधूनमधून जातो. एकट्यानं बसण्यापेक्षा सोबत बरी वाटते.