मशीनला प्रदक्षिणा

जाड ते भक्कम, हा माझ्या सासुरवाडीचा कुलाचार. जावई पसंत करतानाही त्यांनी तोच पाळला, त्यामुळे मला तक्रार करायला तोंड नाही.

मेहुणा वाढला तारापूरजवळच्या चिकूवाडीत. झाडावर चढायचा त्याला कंटाळा, कारण वर मुंग्या आणि खाली वडील. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही दोघांनी बोईसरला, कारखान्यांच्या रस्त्यालगत, गाड्या धुवायचं दुकान थाटलं. ऐसपैस जागा आणि मधोमध सिमेंटच्या ओट्यावर प्रेशरचं मशीन. सासऱ्यांनी मेहुण्याला बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत बसगाड्यांचं कायमचं काम मिळालं तर ठीक. नायतर वाडीत ये आणि झाडावर चढ."

एक शेठ कारखान्यांना पाळीच्या बस पुरवायचा. त्याने खंडेनवमीला एक बस पाठवायचं कबूल केलं. दुपारच्या पाळीआधी ती चकाचक झाली, तर सगळ्या बस आमच्या.

अडचण नळीची होती. मशीनबरोबर आलेली काळी नळी बसच्या एका बाजूलाही धड पुरेना. आम्ही लांब नळी घ्यायला बाजारात गेलो. दुकानदाराने तशीच काळी, आत तारेची जाळी असलेली नळी पुढे ठेवली. मेहुण्याने ती चिमटीत धरून उंदीर धरावा तशी मला दाखवली.

"भावजी, ही करंगळी! बाबा मनगटाएवढ्या पाइपाने अख्खी वाडी भिजवतात."

दुकानदार म्हणाला, "वाडीत पाणी चालत जातं, इथे धावत जाईल. मशीनचा दाब किती हाय ते बघा. जाडी बघून काय सोयरीक जमवताय?"

सोयरिकीचा विषय निघाल्यावर मी मेहुण्याच्या बाजूने उभा राहिलो. आम्ही मनगटाएवढी हिरवी प्लास्टिकची नळी घेतली आणि मशीनच्या तोंडाला बसावी म्हणून तिला लोखंडी सांधा करून आणला.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. नळीलाही हळदकुंकू वाहिलं. रिक्षावाल्यांची रांग लागली होती. बस आली, मागोमाग पांढऱ्या सफारी सुटात शेठ आला. मी मोटर चालू केली. नळी फुगली, आणखी फुगली, गाभण अजगरासारखी वळवळली आणि फाटली. बस कोरडी राहिली. शेठ मात्र सफारीसकट धुऊन निघाला.

बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अरे भैया, गाडी धोनी है या सेठ?"

मेहुण्याचा चेहरा असा झाला, जणू मुंग्या आत्ताच चावू लागल्या आहेत. त्याने अडगळीतून मशीनबरोबर आलेली ती आखूड काळी करंगळी काढली आणि मशीनला लावली. काय ती धार! चिखल सालीसारखा सुटला. पण पुढचं चाक झालं आणि नळी संपली.

"आता?" मी म्हटलं.

"नळी जात नाय तर बस येईल, भावजी! ओ ड्रायव्हरसाब, घुमाओ!"

आणि बस मशीनभोवती फिरू लागली. मेहुणा ओट्यावर उभा राहून धार धरायचा, बस हळूहळू सरकायची. एक बाजू झाली, मग तोंड फिरवून दुसरी. रांगेतल्या एका रिक्षावाल्याने भक्तिभावाने हात जोडले.

भोंगा व्हायच्या आत बस लखलखली. शेठने सफारी पिळली.

"काम तुमचं. पण पाइप बदला. रोज असं फिरायला डिझेल काय तुमचे सासरे घालणार?"

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आम्ही त्याच दुकानदाराकडून तीच काळी जाळीची नळी आणली, बसला वळसा घालून उरेल एवढी. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

पुढच्या खंडेनवमीला रिक्षावाले आले. नळी आता कुठेही पोचत होती. तरी पहिल्याने आधी मशीनभोवती एक फेरी मारली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. मी समजावायला निघालो, तसा मेहुण्याने माझा दंड धरला.

"राहू द्या हो भावजी. बरकत हाय त्यात."