सायकलचा पंप

माझ्या रागाला घरात सगळे भीत. रस्त्यावर त्याला कुणी भीक घालत नसे, म्हणून तिथं तो जास्तच चढायचा.

तेव्हा मी तिरुवैयारूला शाळेत गणित शिकवायचो आणि तंजावरहून रोज सायकलने जायचो. रस्ता अरुंद, वाटेतले नद्यांवरचे पूल त्याहून अरुंद. सकाळची बस मला बहुधा वेण्णारू नदीच्या पुढं गाठायची. तिचा ड्रायव्हर अगदी मागे येऊन रबरी भोंगा असा दाबायचा की माझं हँडल थरथरायचं. मग बस बाजूनं जाताना मी ओरडायचो, “डोळे फुटले की तुझे?” त्यापुढं त्याच्या आईचा, बापाचा उद्धार. सगळं मराठीत.

मराठीत, कारण तमिळमध्ये शिवी दिली असती तर मास्तर शिव्या देतो असा गावभर बोभाटा झाला असता. मराठी म्हणजे तंजावरातल्या आमच्या चार गल्ल्यांतल्या शिकल्यासवरल्या घरांची भाषा, बाहेर कुणाला ती कशाला कळतेय, अशी आमची खात्री. दुकानदारासमोर त्याच्या मालाला नावं ठेवायची, पाहुण्यासमोर पाहुण्याची टिंगल करायची, तर मराठीत. मी तिचा असा वापर दोन वर्षं केला.

खरं सांगायचं तर भोंगा सोडला तर तो ड्रायव्हर वाईट नव्हता. पोंगलच्या सुमारास त्या भागातले शेतकरी भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरतात, बसच्या चाकांखाली आयती मळणी होते. पेंढ्यांत सायकल शिरली तर काड्या साखळीत अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून रिवाज असा होता की बसने पेंढ्यांवरून जायचं आणि कडेची मोकळी पट्टी सायकलवाल्यांना सोडायची. तो हे न चुकता पाळायचा. मी त्याबद्दल कधी हातसुद्धा वर केला नाही.

त्या सकाळी मात्र वेगळंच झालं. भोंगा वाजला, मी मागे बघून नेहमीची शिवी घातली, आणि बस पेंढ्या सोडून पट्टीवर, सरळ माझ्या अंगावर आली. मी कालव्यात पडलो. कोपर सोलवटलं, तोंडात चिखल गेला, मुलांच्या तपासलेल्या वह्या पाण्यावर तरंगू लागल्या. वर येऊन बघतो तर पुढं पुलावर बैलगाड्या आल्यामुळं बस थांबलेली.

सायकलच्या दांडीला पंप लावलेला असायचा, जड, लोखंडी. तो उपसून मी धावत सुटलो. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाड्यांकडं बघत होता. मी एक शब्द बोललो नाही. पंप दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. मला बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

मग लोक आले. पेंढ्या न मळता बस निघून गेली म्हणून शेतकरी आधीच भडकलेले. त्यांनी त्याला दार उघडून खाली ओढला. लाथा, काठ्या, एकाच्या हातात दोर. कुणीतरी म्हणालं, वाध्याराला, म्हणजे मास्तराला, मारायला निघाला होता, त्याला नदीत टाका. मी पंप घेऊन उभा होतो. मला थांबवायचं नव्हतं.

तेवढ्यात त्या पायांच्या गर्दीखालून आवाज आला.

“मारूं नोका. डोळा गेला माझा.”

आमच्या घरात बोलतात तशी मराठी. तिथल्या तीस-चाळीस माणसांत ती फक्त मला कळली. मी त्याच्या अंगावर पडलो आणि तमिळमध्ये ओरडत राहिलो की पुरे, सोडा. दोन-चार काठ्या माझ्याही पाठीत बसल्या.

उजवा डोळा गेलाच. पोलिसांना त्यानं सांगितलं की गर्दी होती, पहिला फटका कुणाचा ते दिसलं नाही. मी जवळच उभा होतो. मीही काही बोललो नाही. इतका भित्रेपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही, पण तेव्हा केला.

चौथ्या दिवशी इस्पितळात गेलो. तिथं कळलं, त्याचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजाच्या पागेत होते. नंतरच्या पिढ्या शिवणकाम करत आल्या, आणि घरात अजून मराठी होती. आमच्या गल्ल्यांपासून ते घर हाकेच्या अंतरावर. मी विचारलं, कळत होतं तर बोलला का नाहीत.

“दोन वर्षं ऐकलों. त्या दिवशी नाही ऐकवलं.”

एका डोळ्याच्या माणसाला बस कोण देणार? तो तिरुवैयारूच्या एका शिंप्याकडं कामाला लागला आणि सायकलने जाऊ लागला, त्याच रस्त्यावरून, त्याच वेळेला. बस येते ती उजवीकडून, आणि त्याला उजवीकडचं काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा त्याला बसपासून वीतभर अंतरावर डगमगताना पाहिलं, त्या दिवशी माझं शाळेत लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या उजव्या बाजूनं सायकल चालवू लागलो. बस आली की मी हात वर करायचो, तो बिचारा नवा ड्रायव्हर ब्रेक मारायचा, आणि आम्ही दोघं कडेला व्हायचो. असे कितीतरी महिने गेले, एक शब्द न बोलता.

मग पुन्हा पेंढ्यांचे दिवस आले. मोकळ्या पट्टीवरून आम्ही दोघं शेजारी शेजारी चाललो होतो. दोघांना पट्टी पुरत नव्हती, माझी सायकल गाड्यांच्या वाटेत आली होती, चूक आमचीच. मागून एक लॉरी आली, कशीबशी पेंढ्यांवरून वळली, आणि जाता जाता तिच्या ड्रायव्हरनं बाहेर वाकून तमिळमध्ये विचारलं की डोळे फुटले का.

तो पायडल मारत राहिला. थोडं पुढं गेल्यावर मान न वळवता म्हणाला, “तुम्हाला म्हणट्ला की मला?”

“मला,” मी म्हणालो, आणि त्याच्या उजव्या बाजूलाच राहिलो.