गिटारचा टिल्लू

नातवंडांनो, तुम्ही जाताना दिवाणाखाली ठेवून गेलेली इलेक्ट्रिक गिटार मी वाजवायला शिकते आहे, हे तुमच्या आईबाबांनाही ठाऊक नव्हतं. आता आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहिते.

या वयात गळ्यात पट्टा अडकवून उभं राहायची मला लाज वाटायची. म्हणून सरावासाठी मी नळाची वेळ निवडली. बुलढाण्यात नळ रोज येत नाही. येतो तेव्हा सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन दारात असते. गिटारचं फक्त तुमच्या आजोबांना ठाऊक होतं; आपली टाकी तेच भरतात. तेवढ्या वेळात मी मागच्या खोलीत दार लावून बसायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पूर्वी नळ आला की घरोघरी टिल्लू लागायचा. टिल्लू म्हणजे नळाला जोडायची छोटी मोटर. ती पाइपातलं पाणी ओढून घेते आणि गल्लीच्या शेवटच्या घराला नुसती हवा मिळते. त्या घरात भाभी राहतात. त्यांची रिकामी भांडी पाहून मीच सगळ्या बायकांना बोलावून समजावलं होतं, आणि शाळेतल्या मॅडम म्हणून माझ्या शब्दावर सगळ्यांनी टिल्लू काढून ठेवले होते. नळाच्या वेळी आता गल्लीत मोटरीचा आवाज नसे, त्यामुळे कुठलीही घरघर लगेच ऐकू जाई.

त्याच सुमारास गिटार घुमायला लागली. कुठलीही वस्तू आतून धुळकट राहिलेली मला चालत नाही. मी तिचं मागचं झाकण उघडून ब्रशने धूळ काढली, झाकण लावलं, स्पीकर चालू केला, तर घूंऽऽ. तार छेडली तरी घूं, नाही छेडली तरी घूं.

मी एकेक करून शोध घेतला. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला. स्पीकर दुसऱ्या प्लगला लावला. तुम्ही ठेवलेली दुसरी केबल जोडून पाहिली. गिटारवरचं आवाजाचं बटण शून्यावर नेलं की घुमणं थांबे. म्हणजे दोष स्पीकरात नव्हता, गिटारच्या पोटात होता. आणि घुमणं नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकरचा आवाज मोठा केला. तोही नळाच्या वेळी!

भाभी दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, अंदरून घूं घूं आवाज येऊन राह्यला. टिल्लू लावला काय तुम्ही?"

"छे, मी कशाला लावू? फ्रिज आहे तो."

भाभी सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी फ्रिजला कान लावला. "हा तं गुमसुम आहे."

"मधूनमधून करतो."

"अच्छा," एवढंच म्हणून त्या निघाल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

पुढच्या नळाला शेजारच्या घरातून टिल्लूचा आवाज आला. मग समोरून आला. तुमचे आजोबा टाकीवरून खाली आले.

"अवं, लोक काय म्हणून राह्यले, मालूम हाय काय? मॅडमनंच टिल्लू लावला, तं आपण काऊन नाही लावाव?"

"मग सांगायचं ना तुम्ही, गिटार आहे म्हणून!"

"सांगतलं ना. तं हासले सारे. म्हणे, म्हाताऱ्याले बायकोनं पढवून धाडलं."

गिटारची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले, आणि त्यापायी भाभींच्या नळाला पुन्हा हवा आली होती.

दोष मला त्याच दुपारी सापडला. गिटारच्या तारांवर तळहात ठेवला तर घुमण्यात काही फरक पडत नव्हता. पण केबलच्या धातूच्या टोकाला बोट लावलं की एकदम शांत. म्हणजे तारांचं अर्थिंग तुटलं होतं. मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा आहेत. त्या ज्या पट्टीला अडकवल्या आहेत, तिला डाग देऊन जोडलेली एक बारीक काळी तार सुटून लोंबत होती. माझ्या ब्रशनेच ती तोडली होती. आजोबांचं रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न मी गरम करायला ठेवलं, आणि मग हात थांबला. तार जोडली की घुमणं बंद. घुमणं बंद झालं की गल्ली म्हणणार, मॅडमनं गुपचूप टिल्लू काढला. मी आयर्नचा प्लग काढला.

पुढच्या नळाला मी एक्स्टेंशन बोर्ड, स्पीकर आणि तशीच नादुरुस्त गिटार दारापुढच्या ओट्यावर आणली. पट्टा गळ्यात घातला. मोटरी चालू होत्या.

"आधी तुमच्या मोटरी बंद करा," मी ओरडले, "म्हणजे माझा टिल्लू ऐकू येईल."

मोटरी थांबल्या. घूंऽऽ.

"अगाई! हुबेहूब टिल्लूच हाय!" शेजारीण म्हणाली. "मॅडम, आता फकस्त जीनची प्यांट राह्यली!"

बायका पोट धरून हसल्या. भाभी हसल्या नाहीत. मी दाखवलं तसं त्यांनी केबलच्या टोकाला बोट लावलं. आवाज थांबला. बोट काढलं, पुन्हा घूं.

"मॅडम, बाजा वाजवता हे मले सांगतलं असतं, तं मी काय गावभर केलं असतं? फ्रिज काऊन म्हटलं?"

'चुकलं माझं' एवढे दोनच शब्द. वर्गात मुलांकडून ते मी किती सहज म्हणवून घेत असे. त्या दिवशी माझ्या तोंडातून ते निघाले नाहीत.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून भाभींची सून ओरडली, "अम्मी, पानी आ गया! जल्दी आओ!"

भाभी पळाल्या. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. शेजारणीचा हात मोटरच्या बटणाकडे गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"वाजवा मंग, मॅडम. तुम्ही वाजवता तवरक मी बटन नाही दाबत."

मला एकच सुरावट येते, तीही अडखळत. घुमणाऱ्या गिटारवर, सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून मी ती पुन्हा पुन्हा वाजवली, नळ जाईपर्यंत.