नवं गणित आणि शेंगदाण्यांची वजाबाकी

शिकवायला जावं आणि किस्से घेऊन यावं, असं आमचं झालंय. आम्ही म्हणजे मी आणि शेख सर. दोघंही झेडपीचे शिक्षक, आणि गणिताचा नवा अभ्यासक्रम आल्यापासून शिरूर-दौंडकडच्या शाळांचे 'सुलभक'. आधी आम्ही ट्रेनिंग घ्यायचं, मग शाळाशाळांत जाऊन ते वर्गात उतरवायला बाकीच्या शिक्षकांना मदत करायची. नवं गणित थोडक्यात असं : पोरांनी वस्तू हाताळायच्या, अंदाज बांधायचे, आपापल्या रीतीनं उत्तर काढायचं. बाईंनी-गुरुजींनी मध्येच उत्तर सांगायचं नाही! आता मास्तर माणसाला गप्प बसवायचं म्हटल्यावर किस्से होणार नाहीत तर काय होईल?

*

कासुर्डीच्या पलीकडं एका शाळेत मोजायचे मणी अजून पोचले नव्हते. मी मोठ्या उत्साहानं सल्ला दिला, "अडून काय बसता गुरुजी? शेंगदाणे वापरा की!"

पुढच्या भेटीत गुरुजी हिरमुसलेले.

"मॅडम, वजाबाकी सगळ्यांना झकास आली. बेरीज काय जमंना."

"का बरं?"

"बेरजेपतुर शेंगदाणं उरतच न्हाईत!"

मी म्हटलं, मग चिंचोके घ्या. गुरुजींनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "ते बी भाजून खात्यात ओ!"

*

अंदाज बांधणं हा शेख सरांचा लाडका विषय. इतका की घरीही तो सुटत नाही. एकदा भाभींनी विचारलं, "अहो, पाहुणे किती येणार आहेत जेवायला?"

सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं? आधी अंदाज सांगा."

भाभींनी अंदाजानं भात टाकला. पाहुणे पोटभर जेवले. सरांच्या ताटात पातेल्याची खरवड आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी गाडीला किक मारली. मग म्हणाले, "मॅडम, अंदाज चुकला तरी चालतो, असं आपण शिकवतो ना? ते जरा बदलू या."

*

दौंडकडच्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या मॅडमनी पोरांना आपापल्या वितीनं फळा मोजायला लावला होता. अगदी पुस्तकात सांगितलंय तसं. जितकी पोरं तितकी उत्तरं! आणि नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक वर्गात आले.

"एक फळा आन् एवढ्या लांब्या? ह्यातली खरी कुठली?"

मॅडमनी समजावलं, "सर, वीत प्रत्येकाची वेगळी. म्हणून सगळ्यांना चालेल असं एकच माप ठरवावं लागतं."

मुख्याध्यापकांना ते लगेच पटलं. "मग सरपंचांची वीत घ्या! गावात चालती ती त्यांचीच."

सरपंच खरोखर आले, बाह्या सरसावून फळा मोजून गेले. 'प्रमाणित एकक' त्या वर्गाला आता जन्मात विसरायचं नाही. पुढच्या निवडणुकीत एकक बदलेल, एवढंच!

*

या सगळ्या हसण्यात एका शाळेचं नाव निघालं की मात्र माझं हसू थांबायचं. न्हावऱ्याच्या पुढं एक वस्तीशाळा आहे. तिथं सविताबाई एकट्या चार इयत्ता सांभाळतात. पट आधीच तुटपुंजा. आणखी चार-दोन पोरं गेली असती तर शाळाच बंद, आणि वस्तीवरच्या बारक्या पोरांना हायवे ओलांडून लांब जायला लागलं असतं.

शाळा समितीचे अध्यक्ष आबा. त्यांची नात आरोही तिसरीत. आबांना नवं गणित बिलकूल पसंत नव्हतं. नातीला इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये बसवतो म्हणत होते, आणि आबांची नात गेली की मागोमाग सगळी वस्ती जाणार, हे उघड होतं. त्यांनी पालकसभा बोलावली. सविताबाईंनी धीर म्हणून आम्हा दोघांना.

"खडंच खेळायचं तर घरी काय खडं न्हाईत व्हय?" आबांनी तोफ डागली. "पाढं कुठं गेलं? आरोही, उठ. पंधरा सक?"

आरोहीनं पाढा म्हटलाच नाही. "दहा सक साठ. पाच सक तीस. नव्वद!"

"उत्तर बरूबर हाय. पर ही काय रीत झाली का?"

"आबा, पन नव्वदच का येतं? शहाण्णव का न्हाई?"

"पाढ्यात हाय म्हणून!"

"पन पाढ्यात का हाय?"

सभा खो खो हसली. आबा लालबुंद झाले. "आण खडं. दावतो!"

आबा सतरंजीवर बसले आणि पंधरा-पंधराच्या सहा रांगा मांडू लागले. एक रांग चुकली. शेख सरांनी सांगायला तोंड उघडलं, मी त्यांना चिमटा काढला! आबांनी पुन्हा मोजलं, रांग सरळ केली, उठून पलीकडच्या बाजूनं पाहिलं आणि ओरडलेच, "आयला! हिकडनं बघितलं तर सहा-सहाच्या पंधरा रांगा झाल्या की!"

डेअरीला दूध घालायची वेळ झाली, तशी माणसं उठली. कुणीतरी हाक मारली, "आबा, चला की."

"तुम्ही व्हा फुडं. मी हितं कामात हाय."

नातीचं काय ठरलं, ते आबा बोललेच नाहीत. आम्ही दोघं तसेच जीव मुठीत धरून परत आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताच सविताबाईंचा फोन. "मॅडम, आबा आलेत."

मी पटकन विचारलं, "दाखला न्यायला?"

"न्हाई ओ! तिसरीच्या रांगेत मांडी घालून बसलेत. पाटी आणलीय. आज काय शिकवणार, म्हणून विचारत्यात."

मला हसू आवरेना. बाई मात्र हसत नव्हत्या. आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं,

"मॅडम, ह्यांना पटावर घेता येईल का हो?"